जुनी दहा तारांची शो-बड, ई-नाइन ट्यूनिंग: ट्यूनर हिरवा दाखवतो, पण पेडल दाबलं की कॉर्ड कणसूर

तिरका_बार

नमस्कार मंडळी. गिटार सत्तरच्या दशकातली शो-बड कंपनीची पेडल स्टील आहे (आडवी ठेवून बारने वाजवायची, पेडलने तारांचे सूर बदलणारी): एकच नेक, दहा तारा, तीन पेडल, चार नी-लिव्हर (गुडघ्याने हलवायचे दांडे), ऑल-पुल चेंजर (तारा ओढून किंवा सैल सोडून सूर बदलणारी यंत्रणा). हात हवाइयन गिटारचा आहे, पेडल नवीन आहेत. माझ्यापासून सर्वांत लांबच्या तारेला १ धरून सध्याचं ट्यूनिंग असं: एफ शार्प, डी शार्प, जी शार्प, ई, बी, जी शार्प, एफ शार्प, ई, डी, बी.

पेडल डावीकडून: पहिलं ५ आणि १० बी वरून सी शार्पवर नेतं, दुसरं ३ आणि ६ जी शार्प वरून ए वर, तिसरं ४ ई वरून एफ शार्पवर आणि ५ बी वरून सी शार्पवर. डावा गुडघा डावीकडे नेला की ४ आणि ८ ई चा एफ होतो, उजवीकडे नेला की ई चा डी शार्प. उजव्या गुडघ्याच्या एका लिव्हरने ६ जी शार्प खाली एफ शार्पवर जाते, दुसऱ्याने २ आणि ९ सी शार्पवर उतरतात.

अडचणी चार:

१. क्रोमॅटिक ट्यूनरवर सगळ्या तारा आणि सगळी पेडलं शून्यावर लावली. तरी मेजर कॉर्ड थरथरते, आणि पहिलं पेडल व एफ चा लिव्हर एकत्र घेतले की ऐकवत नाही.
२. तिसरी तार (०.०११ इंच) वारंवार तुटते. ०.०१० लावली तरी तेच.
३. सहावी तार लिव्हरने उतरवून सोडली की मूळ सुरावर नीट परत येत नाही.
४. दुसऱ्या पेडलवर तिसरी तार आधी चढते, सहावी शेवटच्या क्षणी एकदम उडी मारते.

शिवाय, याच गिटारवर सी-सिक्स (पेडल स्टीलचं दुसरं नेहमीचं ट्यूनिंग) लावता येईल का?

---

स्वयंभू_गांधार

पहिल्या अडचणीचं मूळ गिटारमध्ये नाही, ट्यूनरमध्ये आहे. ट्यूनर बारा समान भागांचं सप्तक दाखवतो. त्यातला गांधार शुद्ध गांधारापेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग) चढा असतो. पियानोवर हे खपून जातं, कारण तिथला सूर लगेच विरतो. पेडल स्टीलवर सूर लांब टिकतो, व्हॉल्यूम पेडलने आपण तो आणखी लांबवतो, म्हणून विस्पंद (थरथर) स्पष्ट ऐकू येतात. आठवी (ई) आणि सहावी (जी शार्प) ट्यूनरच्या शून्यावर लावून एकत्र छेडा, सेकंदाला साडेसहाच्या आसपास थरथर मोजता येईल. चौथी आणि तिसरी छेडली तर त्याच्या दुप्पट.

तानपुऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो तोच इथे हवा. ई ला षड्ज माना, म्हणजे ही सगळी गिटार आपल्या कानाला ओळखीची होईल: जी शार्प ग, ए म, बी प, सी शार्प ध, डी शार्प नी, डी कोमल नी, एफ शार्प रे. शुद्ध प्रमाणांनी हिशोब केला तर ट्यूनरच्या शून्यापासूनचे फरक असे येतात (ई = ०):

बी +२, जी शार्प −१४, डी शार्प −१२, डी −४, ए −२, सी शार्प −१६, आणि एफ −३०.

तो −३० चुकून छापलेला नाही. पहिलं पेडल आणि एफ चा लिव्हर मिळून सी शार्प मेजर होते, त्यात एफ हा सी शार्पचा गांधार. सी शार्प आधीच −१६ वर बसलाय, त्याचा गांधार आणखी १४ खाली. तुमची ती कॉर्ड ऐकवत नाही याचं कारण एवढंच.

राहिला एफ शार्प, म्हणजे ऋषभ, आणि खरी गंमत इथे आहे. बी च्या पंचमाला तो +४ हवा, म्हणजे ९/८, चतुःश्रुतिक ऋषभ. पण पहिली दोन पेडलं दाबून एफ शार्प मायनर घेतली की त्याला सी शार्प आणि ए शी जुळायचं असतं, तिथे तो −१८ हवा, म्हणजे १०/९, त्रिश्रुतिक ऋषभ. दोहोंत २२ सेंटचा फरक, ८१/८०. म्हणजे प्रमाणश्रुतीच. एका तारेला एकाच वेळी दोन ऋषभ देता येत नाहीत, म्हणून १ आणि ७ या तारांबाबत निर्णय घ्यावा लागतो. मधोमध −७ वर ठेवलं तर दोन्हीकडे ११ सेंटची खोट राहते, आणि जलद वादनात ती निभावते. दुसरा मार्ग कॉम्पेन्सेटरचा (पेडलबरोबर ती तार किंचित उतरवणारी जोडणी), तो यंत्राच्या जाणकारांनी सांगावा.

तिसऱ्या पेडलने चौथी तार एफ शार्पवर जाते तिला ही अडचण नाही, कारण तो सूर बहुतेक वेळा मायनर कॉर्डमध्येच लागतो. तिला सरळ −१८ वर लावा. मात्र ती आणि पहिली किंवा सातवी तार एकत्र वाजवू नका, तिथे भांडण होणारच.

लावण्याचा क्रम:

चौथी ई ट्यूनरवर +५ च्या आसपास ठेवा (कारण पुढे येतंय), आणि वरचे सगळे फरक या ई पासून मोजा. तिच्याशी आठवी सप्तकात, मग ५ आणि १० पंचमात. जी शार्प कानाने, थरथर पूर्ण थांबेपर्यंत खाली आणा. मग डी शार्प बी शी जुळवा. इथवरचं सगळं डोक्याकडच्या खुंट्यांनी. नंतर पहिलं आणि दुसरं पेडल दाबून धरा, चेंजरच्या नटने ए सूर ई शी जुळवा, मग सी शार्प ए शी. नववी डी त्याच स्थितीत ए शी जुळवा. मग तिसरं पेडल, मग लिव्हर. एफ सर्वांत शेवटी, कारण तो सी शार्पवर अवलंबून आहे. एकदा कानाने जमलं की आकडे ट्यूनरवर वाचून कागदावर लिहून ठेवा, कार्यक्रमाच्या गोंगाटात तो कागदच उपयोगी पडतो.

ई +५ कशासाठी? पेडल दाबलं की तारांचा ताण वाढतो, बॉडी किंचित वाकते आणि न दाबलेल्या तारा उतरतात. आठवी तार ट्यूनरवर ठेवून पहिली दोन पेडलं दाबून पाहा. जुन्या गिटारवर ३ ते ५ सेंट उतरणं नेहमीचं आहे. म्हणूनच ए आणि सी शार्प पेडल दाबलेल्या अवस्थेतल्या, उतरलेल्या ई शी जुळवायचे. १० सेंटच्या वर उतरत असेल तर मात्र आधी एंडप्लेटचे (गिटारच्या टोकाच्या धातूच्या पट्टीचे) स्क्रू, पाय आणि पेडलचा स्टॉप तपासा.

---

रॉड_नट_स्प्रिंग

वरच्या उत्तराला माझी पूर्ण संमती. पण यंत्र अडकत असेल तर ते सगळे आकडे संध्याकाळपर्यंत टिकणार नाहीत. आधी तिसरी अडचण घेऊ.

सहावी नक्की कोणत्या बाजूला चुकते ते ट्यूनरवर पाहा, निदान त्यातच आहे.

उतरवून सोडल्यावर सूर खाली राहत असेल तर घर्षण चेंजरमध्ये आहे: फिंगर (चेंजरमधला तार धरणारा तुकडा) आणि अॅक्सलमध्ये जुनं घट्ट झालेलं तेल, किंवा लोअरची (सूर उतरवणाऱ्या भागाची) स्प्रिंग थकलेली.

उतरवून सोडल्यावर सूर वर राहत असेल तर घर्षण दुसऱ्या टोकाला, रोलर नटपाशी (खुंट्यांकडे तार ज्या फिरत्या चाकांवरून जाते तिथे). तार ढिली झाली की खुंटीकडचा भाग थोडी तार आपल्याकडे ओढून घेतो, आणि परत येताना अडकलेला रोलर ती सोडत नाही. चढवून सोडल्यावर हेच उलट दिसतं: रोलर अडकला असेल तर सूर खाली राहतो, चेंजर अडकला असेल तर वर.

रोलरसाठी: तार ढिली करून बाजूला घ्या, रोलर नखाने फिरवून पाहा. फिरत नसेल तर काढून लायटरच्या पेट्रोलने धुवा, आसावर शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब. चेंजरसाठी: गिटार उभी करून खाली फडकं धरा, फिंगरांच्या फटीत लायटर फ्लुइड सोडत पेडल-लिव्हर हलवत राहा. काळं पाणी यायचं थांबेपर्यंत. पूर्ण वाळल्यावर प्रत्येक फटीत पातळ तेलाचा एक थेंब. ग्रीस कधीच नको, ते धूळ धरतं. घरात करत असाल तर खिडक्या उघड्या ठेवा आणि जवळ ज्योत नको. फ्लुइड लाखेच्या फिनिशवर सांडू देऊ नका.

यानंतरही खोट राहिली तर दोन गोष्टी पाहा.

पहिली, रॉडला (पेडलची ओढ चेंजरपर्यंत नेणाऱ्या सळईला) सैलपणा आहे का. पेडल मोकळं असताना एंडप्लेटमधला नायलॉनचा नट बोटाने हलका मागेपुढे व्हायला हवा, अर्धा मिलिमीटर पुरे. नट जास्त आवळलेला असेल तर रॉड फिंगरला स्टॉपपर्यंत बसूच देत नाही. मग तुम्ही खुंटीने मूळ सूर जुळवता, पुढच्या वेळी पेडल बिघडतं, ते जुळवलं की मूळ सूर बिघडतो. हे चक्र सुरू झालं की समजा, कुठेतरी नट घट्ट आहे.

दुसरी, लोअरच्या परतीची स्प्रिंग. सहावी तार चढतेही आणि उतरतेही. दुसरं पेडल दाबताना एंडप्लेटमधून सहाव्या तारेच्या लोअरच्या पट्टीकडे बघा. ती जागची हलत असेल तर स्प्रिंग कमजोर आहे: तारेचा ताण वाढला की लोअर उघडतो आणि चढ अर्धवट वाया जातो. ताण एकेक टप्प्याने वाढवा आणि पट्टी हलायची थांबली की तिथेच थांबा. जास्त ताणलीत तर गुडघ्याला लिव्हर जड लागेल.

कोणता नट कोणाचा हे पाठ करू नका. पेडल दाबा, हलतो तो नट त्याचा.

---

तिरका_बार

आभार. तपासलं: सहावी उतरवून सोडली की ७ सेंट *वर* राहत होती. रोलर खरंच जाम होता. धुतल्यावर २ सेंटवर आलं. एफ −३० वर ठेवल्यावर ती कॉर्ड आता शांत लागते. दुसरं पेडल आणि तुटणारी तार मात्र तशीच आहे.

---

रॉड_नट_स्प्रिंग

२ सेंट चालतील, जुन्या शो-बडवर याहून जास्त अपेक्षा ठेवू नये.

दुसऱ्या पेडलचं कारण तारांच्या भौतिकीत आहे. साध्या, न गुंडाळलेल्या पोलादी तारेच्या दर चौरस मिलिमीटरवरचा ताण तिच्या जाडीवर अवलंबून नसतो. तो अवलंबून असतो लांबी आणि कंपनसंख्या यांच्या गुणाकाराच्या वर्गावर. २४ इंची स्केलवर तिसरी तार (४१५ हर्ट्झ) अर्धा सूर चढवायला साधारण पाऊण मिलिमीटर ओढावी लागते. सहावी बरोबर एक सप्तक खाली, म्हणून साधी ०.०२० असेल तर तिला त्याच्या चौथाई, जेमतेम ०.२ मिलिमीटर. पेडल एकच, दोन्ही रॉड बेलक्रँकच्या (पेडलच्या शाफ्टवरच्या, रॉड ओढणाऱ्या तुकड्याच्या) एकाच भोकात. मग सहावीचा नट इतका मागे घ्यावा लागतो की पेडलचा तीन चतुर्थांश प्रवास होईपर्यंत ती हलतच नाही. तुमची उडी ती हीच.

उपाय: तिसरीचा रॉड बेलक्रँकच्या बाहेरच्या, म्हणजे शाफ्टपासून लांबच्या भोकात घाला, सहावीचा आतल्या भोकात. लांबच्या भोकात ओढ जास्त, पण पाय जड. जवळच्या भोकात ओढ कमी, पाय हलका. चेंजरच्या टोकाला नेमकं उलट: फिंगरच्या अॅक्सलजवळचं भोक त्याच ओढीत जास्त फिरवतं. तुमच्या काळच्या शो-बडला बेलक्रँकवर दोनच भोकं असतात, त्यामुळे फरक पूर्ण जाणार नाही, पण पायाला जाणवण्याइतका कमी होईल. हेच तिसऱ्या पेडललाही लागू: चौथी तार पूर्ण सूर चढायला सुमारे १ मिलिमीटर मागते, पाचवीला अर्ध्याहून थोडं जास्त पुरतं.

भोक बदलताना रॉडची जुनी ओतीव जोडणी जोरात वाकवू नका. ती जस्ताच्या मिश्रधातूची असते, पन्नास वर्षांनी ठिसूळ झालेली, आणि तडकली की कारागिराकडून पितळेची किंवा अॅल्युमिनियमची घडवून घ्यावी लागते.

आता तुटणारी तार. जाडीने ताण बदलत नाही, म्हणून ०.०१० लावून फायदा झाला नाही. जी शार्पवर ती सुमारे २ गिगापास्कल ताणावर असते आणि ए वर जाताना तो आणखी १२ टक्के वाढतो. चांगल्या पोलादी तारेची मर्यादा फार लांब नाही. साडेचोवीस इंची गिटारवर तर अजून ४ टक्के भर. अशा तारेला फिंगरच्या डोक्यावरची छोटीशी खाचही पुरते. तुटलेलं टोक पाहा: फिंगरच्या वळणावर तुटली असेल तर खाच आहे. तार काढा, ६०० मग १००० मग २००० नंबरचा पॉलिश पेपर तारेच्या दिशेने घासा, शेवटी मेटल पॉलिश. खाच दिसेनाशी झाली पाहिजे, पण डोक्याची गोलाई सपाट होऊ देऊ नका, नाहीतर तार झणझणेल. खुंटीपाशी तुटत असेल तर मुरड चुकतेय, तीन वेढे पुरेत. आणि पेडलचा स्टॉप तपासा: पाय ए च्या पुढे जाऊ शकत असेल तर प्रत्येक दाबाला तार फुकट ताणली जाते.

---

गुंडाळलेली_सहा

वरच्या हिशोबात एक भर. सहावी साधी ०.०२० ऐवजी गुंडाळलेली ०.०२२ लावा. गुंडाळीचं वजन वाढतं, ताण मात्र आतली बारीक तार एकटी घेते, म्हणून त्याच चढासाठी ती साध्या तारेच्या दुपटीहून जास्त ओढ मागते. दुसऱ्या पेडलवर ती तिसरीच्या बऱ्याच जवळ चालू लागते, आवाजही पाचवी आणि सातवीच्या मधला नीट बसतो.

माझ्या मते संपूर्ण संच असा: ०.०१३, ०.०१५, ०.०११, ०.०१४, ०.०१७, ०.०२२ गुंडाळलेली, ०.०२६, ०.०३०, ०.०३४, ०.०३६. शेवटच्या पाच गुंडाळलेल्या.

---

रॉड_नट_स्प्रिंग

पेडलपुरतं बरोबर, पण त्यांची सहावी लिव्हरने पूर्ण सूर खाली, एफ शार्पवर जाते. साध्या तारेला त्यासाठी ०.३ मिलिमीटर पुरतं. गुंडाळलेलीला त्याच्या दुपटीहून जास्त लागेल आणि लिव्हरचा प्रवास अपुरा पडेल. मग सूर जी च्या आसपासच अडकतो आणि लोक स्प्रिंगला दोष देतात. तार बदलण्याआधी लिव्हर पूर्ण दाबल्यावर स्टॉपपर्यंत किती जागा शिल्लक आहे ते मोजा. मी या गिटारवर साधी ०.०२० ठेवून भोकं बदलण्याच्याच बाजूचा आहे.

---

गुंडाळलेली_सहा

मान्य. तो लिव्हर फक्त जी पर्यंत नेणाऱ्यांनी गुंडाळलेली लावावी, एफ शार्पवर नेणाऱ्यांनी साधी.

---

स्वयंभू_गांधार

कॉम्पेन्सेटरबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून कल्पना मांडतो, चुकलं तर सुधारा. १ आणि ७ या तारांच्या लोअरला एकेक रॉड, दोन्ही पहिल्या पेडलच्या शाफ्टवर. पेडल दाबलं की एफ शार्प +४ वरून −१८ वर उतरतो, सोडलं की परत.

---

रॉड_नट_स्प्रिंग

बरोबर. सामान: दोन पुल-रॉड, दोन बेलक्रँक, दोन नायलॉन नट, आणि त्या तारांच्या लोअरला स्प्रिंगा नसतील तर दोन स्प्रिंगा. बेलक्रँकचं आतलं भोक वापरा. उतार अगदी चिमूटभर आहे, त्यामुळे नट बराच मागे राहील आणि रॉड पेडलच्या शेवटच्या टप्प्यातच पकडेल, ते ठीक आहे. जुळवताना पहिलं आणि दुसरं पेडल दाबून ५ आणि ७ एकत्र छेडा. सी शार्प आणि एफ शार्पचा पंचम स्थिर झाला की नट सोडा. पहिल्या तारेसाठी ती सातवीशी सप्तकात जुळवली की झालं. रॉड शेजारच्या बेलक्रँकला घासत नाही ना ते गिटार उलटी करून सगळी पेडलं-लिव्हर हलवून पाहा.

---

बारा_तारा

सी-सिक्सबद्दल. दहा तारांचं नेहमीचं सी-सिक्स १ ते १० असं: जी, ई, सी, ए, जी, ई, सी, ए, एफ, सी. शेवटची सी तुमच्या शेवटच्या बी पेक्षा जवळपास एक सप्तक खाली, म्हणजे ०.०७० च्या आसपासची तार. संच पूर्ण बदलावा लागेल, आणि त्याबरोबर सगळ्या ओढी. सी-सिक्सला पेडलं वेगळी लागतात: एकावर ४ आणि ८ ए वरून बी, एकावर ५ जी वरून एफ शार्प, ९ एफ वरून एफ शार्प, १० सी वरून डी, आणि एकावर ७ सी वरून सी शार्प, ९ एफ वरून ई, १० सी वरून ए. तीन पेडलांच्या गिटारवर हे अपुरं राहतं आणि चांगलं चाललेलं ई-नाइनही मोडतं. करू नका.

दोन्ही हवेत तर पारंपरिक रस्ता दोन नेकचा. दुसरा रस्ता बारा तारांचं युनिव्हर्सल: वरच्या आठ तारा तुमच्यासारख्याच, खाली बी, जी शार्प, ई, बी. त्यात ई चा डी शार्प करणारा लिव्हर दाबून ठेवला की सगळी गिटार बी-सिक्स होते, म्हणजे सी-सिक्सच अर्धा सूर खाली. किंमत एकच: मधली डी ची तार जाते, तो सूर लिव्हरने घ्यावा लागतो.

तोवर तुमच्याच गिटारवर तो लिव्हर दाबून ४, ५, ६, ७ छेडा. डी शार्प, बी, जी शार्प, एफ शार्प, म्हणजे बी-सिक्सच. हवाइयनवर सिक्स्थ ट्यूनिंग वाजवलं असेल तर हात लगेच ओळखेल.

आणि जुने सुटे भाग मागवण्याआधी एक पाहून घ्या. पन्नासच्या दशकात पेडल स्टील वादक बड आयझॅक्सच्या गिटारवर तुमची पहिली दोन पेडलं मिळून एकच होतं, बडी एमन्स या दुसऱ्या वादकाने ते दोन वेगळे केले. एमन्सच्या क्रमात पहिलं पेडल सर्वांत डावीकडे, जिमी डे या वादकाच्या क्रमात तेच उजवीकडून पहिलं, आणि त्याबरोबर ई च्या दोन लिव्हरांच्या जागाही बहुधा अदलाबदल झालेल्या असतात. तुमचा क्रम एमन्सचा आहे. विकणाऱ्याकडून घेतलेला तयार रॉड-संच डे क्रमाचा निघाला तर रॉडांच्या लांब्या जुळत नाहीत. आधी प्रत्येक रॉडची लांबी बेलक्रँकपासून एंडप्लेटपर्यंत मोजून कळवा.

---

तिरका_बार

तिसरीचा रॉड बाहेरच्या भोकात घातला, सहावी साधीच ठेवली, तिचा रॉड आतल्या भोकात. उडी बरीच कमी झाली, आता सहावी पेडलच्या साधारण मध्यावर हलायला लागते. फिंगरवर नखाला लागेल एवढी खाच होती, ती घालवली. पेडल मात्र थोडं जड झालंय. लांब्या मोजून उद्या टाकतो.

---

रॉड_नट_स्प्रिंग

जड होणारच, ओढ वाढली. पेडलच्या खालच्या उभ्या रॉडची लांबी एक-दोन वेढे बदलून पेडल थोडं उंच घ्या, घोट्याला दाबायला सोपं जातं. आणि भोक बदलल्यावर स्टॉपही हलतो, तेव्हा ए पुन्हा ई शी जुळवून घ्या.